उधार महर

2024 च्या 15 जुलैला आमच्या लग्नाला 40 वर्षं पूर्ण झाली. आमच्या घरात लग्नाचा वाढदिवस करायची रीत कधीच नव्हती. अब्बांना त्यांच्या निकाहची तारीख विचारली असती, तर "ज्वारी काढून झाली होती" एवढंच ते सांगू शकले असते. पण आता मुलांचा जमाना आहे. थोरला पुण्यात, मुलगी माजलगावला, धाकटा बीडला आमच्याजवळ. तिघांनी मिळून महिनाभर आधीच व्हॉट्सॲपवर ग्रुप केला आणि त्यात हॉल, केक, बिर्याणी, दोनशे माणसं अशी बोलणी सुरू झाली.

पहिला अडथळा आला माझ्या आपांकडून. त्यांनी फोन करून विचारलं, "मुहर्रम की आठ तारीख को कायका जश्न?" खरंच, 15 जुलैला मुहर्रमची आठ तारीख होती आणि दोन दिवसांनी यौम-ए-आशुरा. या दिवसांत काय करावं आणि काय करू नये, याबद्दल आपल्याकडे वेगवेगळी मतं आहेत. मला घरात वाद नको होता.

दुसरा अडथळा बेगमचा. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "चांद के हिसाब से चालीस तो पिछले साल शव्वाल में हो गए. अब इकतालीस होके तीन महिने होने को आए. किसका जश्न करते?"

आमचा निकाह शव्वाल 1404 मधला. चांद्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे 40 वर्षांत सव्वा वर्षाचा फरक पडतो. मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं, पण हा हिशेब तिनेच मला सांगितला.

शेवटी ठरलं की हॉल नाही, केक नाही, घरच्या माणसांनी फक्त एक दिवस फिरायला जायचं. थोरला म्हणाला, महाबळेश्वरला जाऊ. बेगम म्हणाली, "मेरेकू खजाना बावडी देखनी है. फिर कपिलधार. आते हुए मांजरसुंबे में रबडी."

सगळे हसले. बावडी आमच्या घरापासून काही किलोमीटरवर. मुलगी म्हणाली, "अम्मी, वो तो यहीं है."

"यहीं है, पर मैं कब गई?"

तेव्हा मी गप्प झालो. मी दरवर्षी शाळेची सहल काढायचो. पाटोदा तालुक्यातल्या माझ्या शाळेतली निम्मी पोरं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, म्हणून आमची सहल दिवाळीच्या आधीच निघायची. खजाना बावडी, कपिलधार, कधी अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी, कधी परळी, कधी धारूरचा किल्ला. त्या सहलीच्या आदल्या रात्री साठ-सत्तर पोरांच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बेगम करायची. पहाटे तीनला उठून डबे भरायची. एसटी निघाली की दारात उभी राहून हात हलवायची. एवढ्या वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की हिलाही एखादी सीट द्यावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एक जुना स्नेही वारला. जनाजा उचलायच्या आधी घरातल्या बायकांनी त्याच्या बेवेला विचारलं, "महर माफ किया बोलो." ती बिचारी रडून रडून अर्धमेली झालेली. तिने मान हलवली. बाहेर पुरुषांना निरोप आला, महर माफ झाला. आम्ही जनाजा उचलला.

हे आपल्याकडे इतकं नेहमीचं आहे की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. रात्री जेवताना बेगम म्हणाली, "मेरे से पूछने आए तो मैं गर्दन नहीं हिलाऊँगी. अभी से बोल के रखती."

मी हसण्यावारी नेलं. ती हसली नाही.

आमच्या निकाहच्या वेळी काझीसाहेबांनी विचारलं होतं, महर किती? वडीलधाऱ्यांनी आपापसात बघितलं आणि "एकवीसशे" असं सांगितलं. नगद की उधार? "उधार." दोन मिनिटांत विषय संपला. त्याच लग्नात कपाट कोणत्या कंपनीचं, भांडी पितळेची की स्टीलची, यावर दोन्हीकडच्या माणसांची चार दिवस चर्चा झाली होती. जे मागायचा हक्क नव्हता त्याची यादी केली आणि जे देणं फर्ज होतं ते उधारीवर टाकलं. मी तेव्हा 26 वर्षांचा होतो, नोकरीला होतो, आणि मी काही बोललो नाही.

महर म्हणजे बायकोचा हक्क. सूरह निसामध्ये तो खुशीने देण्याचा हुकूम आहे, हे आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. नवरा मेला तर महर हे त्याच्यावरचं कर्ज असतं, वारसांची वाटणी त्यानंतर होते. तरीही आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी तो निकाहनाम्यावरचा एक आकडा म्हणूनच राहतो. कुणी 786 लिहितं. कुणी महर-ए-फातिमी लिहितं, म्हणजे साधारण दीड किलो चांदी, आणि तीही उधारच ठेवतं. मग पहिल्या रात्री "माफ कर दो", नाहीतर शेवटच्या दिवशी "माफ किया बोलो". नगद देणारेही आहेत, पण मोजके.

त्या रात्रीनंतर मी एकदा ट्रंकेतून आमचा निकाहनामा काढला. जुनी माणसं त्याला सियाहनामा म्हणायची. त्याच्यावर पाण्याचे डाग आहेत. जुलै 1989 मध्ये बिंदुसरेला मोठा पूर आला, तेव्हा आमचं घर जुन्या गावात नदीच्या बाजूला होतं. मी शाळेच्या गावी होतो. बेगमने थोरल्याला कडेवर घेतलं, अम्मीला हाताला धरलं आणि उंचावरच्या घरी गेली. पाणी उतरल्यावर तिने चिखलातून ट्रंक काढली आणि एकेक कागद गच्चीवर वाळत घातला, वर खडे ठेवून. माझं नोकरीचं सर्व्हिस बुक नाही, पण डीएडचं सर्टिफिकेट, घराचा कागद, हा निकाहनामा, सगळं तिने वाचवलं. शाई पसरली आहे, पण आकडा वाचता येतो. 2100. त्यापुढे लिहिलंय, उधार.

1984 मध्ये सोनं तोळ्याला दोन हजारांच्या आसपास होतं, म्हणजे एकवीसशेत जवळपास तोळाभर आलं असतं. 2024 मध्ये तोळा सत्तर हजारांच्या पुढे गेला होता. एका आलिमसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "गुरुजी, कर्ज एकवीसशेचंच आहे, तेवढं दिलं की फिटलं. पण 40 वर्षं उशीर केलात, तर वरचं तुमच्या एहसानावर आहे." मी पेन्शनमधून थोडे थोडे बाजूला ठेवले आणि जूनमध्ये सराफ्यात जाऊन तोळ्याचं एक नाणं घेतलं. मुलांना सांगितलं नाही.

15 जुलै सोमवार होता. थोरला शनिवारीच आला होता. दोन गाड्यांतून आम्ही निघालो. सोलापूर रोडला लागलो, खजाना बावडीशी उतरलो. निजामशाहीत, मुर्तजा निजामशाहच्या काळात, सलाबतखानाने बांधलेली ही विहीर. बांधकाम राजा भास्कर याच्या हातचं. गोल, रुंद, आत उतरायला पायऱ्या. खाली बोगदे आहेत. दोन बोगद्यांतून पाणी आत येतं आणि तिसऱ्यातून बलगुजारच्या शेतांकडे जातं. दुष्काळ असो की अतिवृष्टी, हिचं पाणी चढत नाही, उतरत नाही, असं बीडमध्ये लहानपणापासून ऐकायला मिळतं. हे सगळं मी पोरांना सांगायचो तसंच सांगू लागलो. नातू मोबाईलमध्ये होता. बेगम मात्र पायरीवर बसून लक्ष देऊन ऐकत होती.

"पानी आता उतनाच जाता, इसलिए बराबर रहता," ती म्हणाली.

मुलं फोटो काढायला पलीकडच्या कडेला गेली तेव्हा मी खिशातून पाकीट काढून तिच्या हातात दिलं.

"ये क्या?"

"महर."

तिने पाकीट उघडलं. शंभराच्या 21 नोटा होत्या. मला वाटलं ती लाजेल किंवा "राहू द्या आता" म्हणेल. तिने नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मग पर्समध्ये ठेवल्या आणि चेन लावली. नंतर नाण्याची डबी उघडून बघितली.

"और ये?"

"उशीर झाला त्याचा फरक."

"चालीस साल का फरक एक तोले में?" ती म्हणाली. यावेळी मात्र हसली.

मला हलकं वाटलं. खूप वर्षांचं ओझं उतरल्यासारखं. मी म्हणालो, "आता तर मान हलवशील ना?"

ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "महर का हो गया. अंगणवाडी का क्या?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग आठवलं. 1991 साली आमच्या शाळेच्या गावी अंगणवाडी सुरू व्हायची होती. बेगम दहावी पास. गावात तेवढी शिकलेली दुसरी बाई नव्हती. ग्रामसेवक घरी येऊन अर्ज देऊन गेले. मानधन थोडंच होतं, पण तिने अर्ज भरून ठेवला होता, फक्त माझी सही घ्यायची तिची इच्छा होती. सही लागत नव्हती, तरीही. मी म्हणालो होतो, "मास्तरची बायको पोरांची नाकं पुसत बसणार का? लोक काय म्हणतील?" अर्ज तसाच राहिला. दुसरी कुणीतरी सातवी पास बाई लागली. ती परवा निवृत्त झाली, गावाने तिचा सत्कार केला, आणि त्या सत्काराला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. बेगमही बरोबर होती. तिने त्या बाईला शाल घातली.

33 वर्षांत तिने हा विषय एकदाही काढला नव्हता. मला वाटायचं ती विसरली.

"तेव्हा मला कळलं नाही," मी म्हणालो.

"हौ. मालूम है," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. "चलो, बच्चे राह देख रहे."

पुढचा दिवस छान गेला. कपिलधारला सोमवार असूनही गर्दी होती. मन्मथस्वामींच्या समाधीचं हे ठिकाण, कार्तिकी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. धबधब्याला अजून पुरतं पाणी आलं नव्हतं, पण धार पडत होती. बेगम सून आणि मुलीबरोबर पाण्यात पाय सोडून अर्धा तास बसली. घरून आणलेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी काढली. या वेळी सुनेने केली होती. ती खाताना बेगम म्हणाली, "नमक कम है, पर सहल की लगती."

मी मात्र सबंध दिवस त्याच गोष्टीत होतो. महराला आकडा होता, तो कागदावर होता, म्हणून फेडता आला. अंगणवाडीचा आकडा कुठे लिहिलेला आहे? माफी मागितली असती तर ती दिली असती, मला माहीत आहे. पण तीही जनाज्याजवळच्या माफीसारखीच झाली असती. विचारणाऱ्याला सोपं जावं म्हणून हलवलेली मान. म्हणून मी मागितली नाही. ते माझ्याकडे बाकी राहू दे, असं ठरवलं. बाकी आहे हे लक्षात राहणं, एवढं तरी माझ्याकडून व्हावं.

संध्याकाळी मांजरसुंब्याला थांबलो. सगळ्यांनी रबडी मागवली. बिल द्यायला थोरला उठला, धाकटा उठला, दोघांची ओढाताण सुरू झाली. बेगमने पर्सची चेन उघडली.

"बैठो दोनों. आज मेरी तरफ से."

"अम्मी, तुमच्याकडे कुठून आले पैसे?" मुलीने विचारलं.

"मेरे हैं," ती म्हणाली. "हक के."

तिने शंभराच्या नोटा मोजून दिल्या, उरलेले पैसे मोजून घेतले.

डिसेंबरात माझ्या पुतणीचा निकाह झाला. बैठकीत महराचा विषय आला, वडीलधाऱ्यांनी नेहमीसारखं एकमेकांकडे बघितलं. काझीसाहेबांनी विचारलं, "नगद या उधार?" पुरुषांपैकी कुणी काही बोलायच्या आत पडद्यामागून बेगमचा आवाज आला, "नगद लिखो."

थोडा वेळ शांतता पसरली. नवरदेवाचे वडील माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "बरोबर बोलतात त्या. नगदच लिहा."

आणि तसंच लिहिलं गेलं.