दोन मास्तर

आमच्या वस्तीत मास्तर दोन. एक आम्ही, उर्दू शाळेचे, दुसरे बँडचे. नवख्या माणसाने ‘मास्तरांचे घर कोणते’ म्हणून विचारले की पोरे त्याला आधी त्यांच्या दारात नेत. याचा आम्हाला राग येई. आम्ही बी.एड. करून मास्तर झालो आणि हा माणूस चौथीत शाळा सोडलेला, केवळ क्लॅरिनेट वाजवतो म्हणून मास्तर! आज हे लिहिताना शरम वाटते, पण राग येई हे खरे आहे.

अंकुशनगर हे कारखान्याचे गाव. अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला, भोवती वसाहत झाली आणि अंकुशराव टोपे यांचे नाव तिला मिळाले. शहरात ज्याला नाइट लाइफ म्हणतात ते आमच्याकडे नव्हते, असे कोणी समजू नये. हंगामात कारखाना तिन्ही पाळ्यांत चालतो. भोंगा होतो, उसाच्या गाड्यांच्या बैलांच्या घुंगरमाळा रात्रभर वाजतात, चहाची टपरी पहाटेपर्यंत उघडी असते. हंगाम संपतो न संपतो तोच लग्नसराई येते. हळदीची रात्र, वरातीची रात्र, आसपासच्या गावांच्या जत्रा, जत्रेत तमाशाचा फड. कुठे उरूस असेल तर कव्वाली. आणि रमजानमध्ये सहेरीसाठी उठवत फिरणारे फकीर, हातात डफ. आमच्या लहानपणी त्या डफाच्या आवाजाने जाग आली नाही अशी एकही सहेरी आठवत नाही.

या रात्रींवर किती घरे जगतात याचा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. आमच्या वस्तीतल्या बँडमध्ये चौदा माणसे. त्यांतली दहा मुसलमान, चार मातंग. दिवसा कोणी रंगकाम करी, कोणी पंक्चर काढी. लग्नसराईत सगळे लाल कोट, सोनेरी पट्टे, डोक्यावर टोपी. गिऱ्हाईक बहुतेक हिंदू. मास्तरांना मराठी गाणी आमच्यापेक्षा जास्त पाठ होती, आणि कोणत्या गावात वरात मारुतीपाशी किती वेळ थांबते हेही.

२०१९ साली वस्तीतल्या मोठ्यांनी बैठक घेतली. निकाह साधेपणाने करायचा, बँड नाही, डीजे नाही, जहेज नाही. हेतू चांगला होता, कर्ज काढून लग्ने होत होती. ठराव लिहायला आम्हाला बसवले, कारण आमचे अक्षर चांगले. आम्ही बँडचे कलम आधी लिहिले. मागच्या रांगेतून बँडचे मास्तर म्हणाले, “सर, जहेज का भी लिखे ना?” लोक हसले. लिहिले होते. पुढे झाले एवढेच, की बँडचे कलम पाळले गेले आणि जहेजचे कलम वहीत राहिले. हुंडा बंद दाराआड देता येतो, क्लॅरिनेट बंद दाराआड वाजवता येत नाही.

वाद्यांबाबत आपल्यात मतभेद आहेत हे आम्ही जाणतो. लग्नात डफ चालतो असे मानणारे बहुतेक उलेमा इतर वाद्यांना हात जोडतात. दुसरीकडे आपल्याच मराठवाड्यात, खुलताबादला, हजरत बुर्‍हानुद्दीन गरीब विसावले आहेत, आणि समाअवर त्यांचे किती प्रेम होते हे इतिहासाला ठाऊक आहे. या वादात निवाडा देण्याची आमची पात्रता नाही. पण तेव्हा निवाडा झाल्यासारखी आमची लेखणी चालली, हे कबूल केले पाहिजे.

मग २४ मार्च २०२० ची रात्र आली. सगळे बंद. मास्तरांनी त्या उन्हाळ्यासाठी अकरा लग्नांच्या सुपाऱ्या घेतल्या होत्या आणि ते पैसे नेहमीप्रमाणे वाजवणाऱ्यांना उचल म्हणून वाटूनही टाकले होते. एप्रिलमध्ये लोक सुपारी परत मागायला येऊ लागले. रमजान २५ एप्रिलला सुरू झाला. मशिदीला कुलूप, तरावीह घरात, आणि सहेरीला डफ नाही. लोक मोबाइलचा गजर लावून उठत. रोज टीव्हीवर राज्याचे आरोग्यमंत्री आकडे सांगत. राजेश टोपे, अंकुशरावांचेच चिरंजीव. आपल्या भागातला माणूस राज्याला धीर देतो आहे याचे आमच्याकडे सर्वांनाच अप्रूप होते.

धीर मात्र सर्वांना सारखा मिळत नव्हता. दिल्लीच्या मरकजच्या बातम्यांनंतर भाजीवाल्याला आधी नाव विचारले जाई, मग भाव. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेले असे म्हटले. ती बातमी आम्ही कापून ठेवली आहे. पण तोवर ज्यांच्या दारात मास्तर तीस वर्षे वाजवत आले, त्यांतल्या काहींनी त्यांना पाण्यालाही विचारले नव्हते.

शहरातले लोक तेव्हा लिहीत की रात्री किती शांत झाल्या, पाखरे ऐकू येतात. ८ मेच्या पहाटे जालन्याहून रुळावरून चालत निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळावरच झोपले, आणि मालगाडीखाली सोळा जण गेले. गाड्या बंदच आहेत, असे समजूनच ते निजले असावेत. आमच्याच जिल्ह्यातून निघालेली माणसे. त्यानंतर शांततेचे कौतुक आमच्या कानांना सोसले नाही.

वस्तीत किट वाटायचे ठरले. तांदूळ, डाळ, तेल, साखर. यादी पुन्हा आमच्याकडेच. बँडवाल्यांची नावे आली तेव्हा एक बुजुर्ग म्हणाले, जकातीचा पैसा आहे, आधी जे पाबंद आहेत त्यांना द्यावा. कोणी जोराने बोलले नाही, कोणी विरोधही केला नाही. आम्ही लेखणी हातात धरून बसलो होतो. जकात गरजवंताचा हक्क आहे, हे वर्गात मुलांना शिकवणारे आम्ही. आम्ही ती नावे यादीच्या शेवटी लिहिली. किट त्यांना मिळाले, पण आठ दिवसांनी. मास्तर बाहेर आले नाहीत, त्यांच्या बायकोने दारात घेतले. आत भिंतीवर क्लॅरिनेटची पेटी टांगलेली दिसली.

आयर्लंडचा संबंध इथे येतो, वाचकांनी चकित होऊ नये. तपासणी नाक्यावर रात्रीची ड्यूटी असताना मोबाइलवर वाचत बसायचो, तेव्हा तो देश आमच्यासमोर आला. तिथले पारंपरिक संगीत पबमध्ये वाजते. पब म्हणजे शराबखाना, ते आम्ही बाजूला ठेवतो. आमचे लक्ष वाजवणाऱ्यांकडे होते. मंच नसतो, टेबलाभोवती माणसे बसतात, एकाने सूर धरला की दुसरे मिळतात. फिडल, बासरी, आणि बोरान नावाचे बकऱ्याच्या कातड्याचे गोल वाद्य. चित्र पाहिले आणि हसू आले. आमच्या फकिरांचा डफच, फक्त हातात छोटी काठी. १५ मार्च २०२० ला, त्यांचा सर्वांत मोठा सण दोन दिवसांवर असताना, तिथले पब बंद झाले. जेवण न देणारे पब तर बहुतेक ठिकाणी सप्टेंबरपर्यंत उघडले नाहीत. तेही आमच्यासारखेच मुके झाले. फरक पुढे आहे. काम गेलेल्याला आठवड्याला ३५० युरो मिळू लागले, स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही. आणि २०२२ मध्ये तिथल्या सरकारने दोन हजार कलावंतांना प्रयोग म्हणून आठवड्याला ३२५ युरो सुरू केले. देश श्रीमंत आहे आणि मराठवाड्याच्या एक तृतीयांशही लोकसंख्येचा नाही, हे आम्ही विसरत नाही. पण वाजवणे हे काम आहे, एवढे त्यांनी कागदावर मान्य केले.

आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये राज्य सरकारने ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी पाच हजार, एकदाच, असा निर्णय घेतला. मास्तर पहिल्यांदा आमच्या दारात आले. “सर, अर्जी लिखना है. सबूत मांगे तो क्या दूं?” लग्नांचे जुने अल्बम गोळा केले होते त्यांनी, लोकांकडून मागून. प्रत्येक फोटोत नवरदेव मधोमध, आणि कडेला अर्धे कापलेले मास्तर. कुठे नुसता हात आणि क्लॅरिनेट. आम्ही ते ठेवून घेतले, उद्या लिहितो म्हणालो. सर्वेक्षण होते, ऑनलाइन अहवाल होते. अर्ज लिहायला उशीर झाला. तो उशीर आमचा.

तोपर्यंत दुसरी लग्नसराईही गेली होती. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसे चालत. २०२१ च्या एप्रिलमध्ये पंचवीस माणसे, दोन तास, आणि नियम मोडला तर पन्नास हजार दंड. बँडचीच माणसे चौदा. त्यातून तोंडाने वाजवायची वाद्ये, मास्क लावून कशी वाजवणार? मोठा पितळी बाजा भंगारवाल्याने किलोने नेला.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे आम्हीही म्हणत होतो. ४ ऑक्टोबर २०२१ ला शाळा उघडली, हजेरी घेतली. आठवीच्या वर्गात मास्तरांचा मुलगा नव्हता. दीड वर्षात त्याच्या घरी मोबाइल नव्हता हे आम्हाला माहीत होते. स्वाध्यायाचे कागद देतो म्हणून दोनदा गेलो, मग गेलो नाही. तो मामाबरोबर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेला होता. कारखान्याच्या गावचा मुलगा, दुसऱ्या कारखान्याला.

२०२२ च्या एप्रिलमध्ये निर्बंध उठले, पाठोपाठ रमजान लागला. दुसऱ्या रात्री डफ वाजला. आम्ही जागेच होतो.

ईदनंतर आमच्या भाचीचा निकाह ठरला. आम्ही मास्तरांकडे सुपारी घेऊन गेलो. मुलगा अंगणात होता, तळहात कोयत्याने चिरलेले. मास्तरांनी नोट हातात घेतली, उलटी केली.

“ठराव का क्या, सर?”

आम्ही काही बोललो नाही. त्यांनी पेटी काढली, क्लॅरिनेट जोडले, फुंकले. सूर फाटला. “ओठ सुटले,” ते मराठीत म्हणाले. “पत्ती पण गेली. जालन्याहून आणावी लागेल.” मग तारीख विचारली, वेळ विचारली, पोराला साइड ड्रम पुसायला सांगितले.

ठरावाची वही आमच्याच कपाटात आहे, आमच्या अक्षरात. वरातीत नऊ माणसे वाजवत होती. मशिदीच्या अलीकडे, वडापाशी, मास्तरांनी हात वर केला आणि बँड थांबला. लोक आमच्याकडे पाहत होते. आम्ही मान खाली घालून नवरदेवाबरोबर पुढे चाललो, आणि मागे कोणीतरी पोराला म्हणाले, पाणी पिऊन घे, अजून बरेच वाजवायचे आहे.