रडणं म्हणजे दूध कमी, असं नव्हे

आई झाल्यापासून एका वाक्याशी माझं भांडण आहे: ‘हिला दूध पुरत नाही.’ छातीशी घेतलेलं बाळ दोन घोट पितं, तोंड काढून घेतं, पाय ताणतं, लालबुंद होऊन टाहो फोडतं आणि लगेच पुन्हा तोंड मारतं. घरातले सगळे याचा एकच अर्थ लावतात आणि वरच्या दुधाची तयारी सुरू होते. त्या घडीला आईला काय वाटतं, हे पाजणारी प्रत्येक बाई जाणते. आपलं शरीरच अपुरं ठरल्यासारखं वाटतं. म्हणूनच मी हे आग्रहाने मांडते आहे. छातीशी होणारी किरकिर हा दूध कमी असल्याचा पुरावा नव्हे. दूध पुरतं की नाही याचा पुरावा वेगळा आहे आणि तो मोजता येतो. तो न पाहता घाईने दिलेली बाटली मात्र असलेलं दूधही कमी करू शकते.

तान्ह्या बाळांच्या रडण्याला एक क्रम असतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रॅझल्टन यांनी ८० बाळांच्या आयांकडून रोजच्या रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या आणि १९६२ साली निष्कर्ष मांडले. पहिल्या काही आठवड्यांत रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते दिवसाला सरासरी पावणेतीन तासांवर पोहोचतं आणि मग उतरू लागतं. त्यातला मोठा भाग संध्याकाळचा असतो. बाटलीवर वाढणारी बाळंही अशीच रडतात, म्हणजे याचं मूळ फक्त आईच्या दुधात शोधणं चूक आहे. आपल्याकडे याच सुमारास बाळंतिणीचा सव्वा महिना संपतो. मालिशवाली बाई येईनाशी होते, आई घरकामाला लागते, बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. स्तनही आता पहिल्या दिवसांसारखे ठणकत नाहीत, मऊ पडतात. खरं तर दूध आता बाळाच्या गरजेइतकं बनू लागलेलं असतं, म्हणून ते तुंबत नाही. पण रडण्याचा चढ, मऊ स्तन आणि पाहुण्यांची मतं एकाच वेळी आल्यावर ‘दूध आटलं’ हा निष्कर्ष फार सहज काढला जातो.

मग बाळ छाती का सोडतं? कधी पान्हा इतक्या जोरात फुटतो की बाळाला ठसका लागतो. अशा वेळी आईने मागे रेलून बाळाला स्वतःच्या अंगावर घेतलं की धार सौम्य होते. कधी उलट, पान्हा फुटायला वेळ लागतो. वेदना आणि ताण यांमुळे पान्ह्याला लागणारं ऑक्सिटोसिन अडतं, त्यामुळे ‘दूध नाही’ हे ऐकवणंच दूध अडवू शकतं. कधी बाळाने नुसतं स्तनाग्र धरलेलं असतं. तोंड मोठं उघडून, हनुवटी स्तनाला टेकवून, भोवतीच्या काळसर भागासह धरलं तरच दूध नीट येतं आणि आईला दुखत नाही. कधी ढेकर अडकलेला असतो, कधी बाळ दिवसभराच्या गडबडीने दमलेलं असतं. आणि रडणं ही भुकेची शेवटची खूण आहे. तोंडात मूठ घालणं, मान वळवून शोधणं या खुणा आधी दिसतात. टाहो फोडणाऱ्या बाळाला आधी उघड्या छातीवर निजवून, हलकं डोलवून शांत करावं आणि मगच पाजावं. दर तासाला प्यायला मागणारं बाळ उपाशीच असतं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे १ ते ६ महिन्यांच्या, फक्त अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांची मोजणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कुणी चोवीस तासांत ६ वेळा पीत होतं, तर कुणी १८ वेळा. आणि उपलब्ध दुधापैकी सरासरी दोन तृतीयांशच बाळं घेत होती.

‘पण बाटली दिल्यावर कसं गाढ झोपलं!’ हा नेहमीचा आक्षेप. बाटलीतून दूध सलग येतं, बाळ गरजेपेक्षा जास्त पिऊन जातं आणि चोखण्यानेच त्याला शांतता मिळते. झोप लागली म्हणून आधी ते उपाशी होतं, हे सिद्ध होत नाही. शिवाय स्तन जितके रिकामे होतात तितकं दूध बनतं. बाटलीमुळे एक पाजणं चुकलं की शरीर मागणी घटल्याचं समजतं, आणि असं रोज होऊ लागलं की खोटी शंका खरी ठरते. दुसरा आक्षेप गंभीर आहे: काही आयांना खरंच दूध कमी येतं. येतं, आणि त्यांना दोष देणं क्रूरपणा आहे. त्यांच्यासाठीच तर मोजमाप हवं. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसाला निदान सहा वेळा भरपूर शू होते का? दोन आठवड्यांच्या सुमारास जन्मावेळचं वजन भरून आलं का? पहिल्या तीन महिन्यांत वजन रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढतं का? उत्तरं ‘नाही’ असतील तर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे, आणि त्यांनी सांगितलेलं वरचं दूध देण्यात कसलीही लाज नाही. ताप, मलूलपणा, हिरवी उलटी किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर एक तासही थांबू नये. तिसरा आक्षेप आईच्या थकव्याचा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. पण थकव्यावर उतारा बाटली नसून माणसं आहेत. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, संध्याकाळी बाळाला कडेवर फिरवणं यांतलं काहीही आईनेच करायला हवं असं नाही.

बाळाच्या दुधाच्या पावडरींच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, पण घरातल्या शंकेला कायदा रोखू शकत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी सुमारे ६४ टक्केच केवळ आईच्या दुधावर होती. उरलेल्यांत पाणी, मध, घुटी, वरचं दूध असं काही ना काही पोटात जात होतं, आणि त्यामागे अनेकदा प्रेमच असतं. म्हणूनच आजी, आत्या, मावशी आणि बाळाचे वडील या सगळ्यांना माझी विनंती आहे. बाळ छातीशी रडू लागलं की ‘दूध आहे ना?’ असं आईला विचारू नका. आज शू किती वेळा झाली ते मोजा, वजनाचा कागद पाहा, तिला पाणी आणि जेवण हातात द्या आणि पाजून झालं की बाळ तुमच्याकडे घ्या.