यंत्राची हमी

भिवंडीचा संसार यंत्रमागावर चालतो. तरी ताका उलगडून पाहिल्यावांचून येथील चाणाक्ष व्यापारी माल उचलीत नाहीं. रोग ओळखणाऱ्या यंत्रालाहि हाच न्याय लावावा, असें मला वाटतें.

छातीचें क्ष-किरण छायाचित्र पाहून क्षयाचा संशय वर्तविणारी कृत्रिम बुद्धि २०१६ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ‘क्युअर’ कंपनीनें घडविली आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं अशा साधनांचा वापर मान्य केला, तो १५ वर्षें व त्यापुढील वयाच्या माणसांच्या प्राथमिक चाळणीपुरताच. संशयिताचें निदान पुढील तपासणीनंतरच पक्कें व्हावयाचें. अशी मर्यादा उघड सांगितली, कीं भरंवसा वाढतो.

परंतु माझ्या वर्गांतील एका माग-कामगाराच्या मुलानें विचारलें, “सर, यंत्रानें ‘निरोगी’ म्हटलें आणि बाबांचा खोकला राहिलाच, तर जाब कोणाला विचारायचा?”

१८९७ सालीं मुंबईंत वाल्देमार हाफकिन यांनीं प्लेगची लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली. यंत्राला टोंचून घेण्यास देह नाहीं. म्हणून त्याच्या अहवालाखालीं डॉक्टरची सही हवी, आणि खोकला न थांबल्यास पुन्हां तपासण्याची तयारीहि हवी. तशी सही करणारा मनुष्य समोर असेल, तर त्या मुलाला मी निःशंकपणें सांगेन, “बाबांना घेऊन जा.”