दुसरा खुंटा

आमच्या घरी जाते होते. पहाटे आई दळायला बसे, तेव्हा वरची तळी उचलून मधल्या खुंट्यावर नेमकी ठेवण्याचे काम दादाकडे असे. खुंटा एकच, म्हणून तळी जागा न सोडता फिरते. ही साधी गोष्ट मला पुढे चंडीगडमध्ये, दादाच्याच कारखान्यात नव्याने उमगली. आणि तीही एका मुलाचे काम जाण्याच्या बेतात असताना.

चंडीगडच्या सेक्टर 30 मध्ये केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेच्या आवारात भारत-स्विस प्रशिक्षण केंद्र आहे. स्वित्झर्लंडच्या सहकार्याने ते 1963 साली सुरू झाले. दादा तेथे शिकला आणि त्याच शहरात पत्रा कापण्याच्या डाय बनवू लागला.

एका हिवाळ्यात मी त्याच्याकडे गेले, तर कारखान्यात सारे गप्प होते. पंच डायच्या कडेवर आपटून त्याची धार तुटली होती. आठवीतून शाळा सोडलेल्या एका मुलाने ती जुळणी केली होती. दादाने त्याचा हिशेब करायला सांगितले होते.

मुलाने वाद घातला नाही. "उस्तादजी, एवढे पाहा," म्हणत त्याने बोल्ट सोडवले आणि पंचाची प्लेट उलटी धरली. दोन डॉवेल पिनांपैकी एक अलगद त्याच्या तळहातावर पडली. हातोडीच्या हलक्या ठोक्यांनीच आत जावी अशी ती पिन!

दादाने मायक्रोमीटर लावला. 6 मिलिमीटरची पिन 5.98 भरली. ह्रस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात माझे आयुष्य गेले. पण दोन शतांश मिलिमीटरने एवढे काय बिघडावे, हे मला कळेना. तेव्हा दादाने समजावले. 6 मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक 6.6 चे ठेवतात, म्हणजे बोल्ट भाग आवळून धरतो, त्याची जागा ठरवत नाही. जागा ठरवते पिन. म्हणून तिचा व्यास मुद्दाम किंचित जास्त, 6.004 ते 6.012 असतो आणि रीमरने साफ केलेले भोक 6.000 ते 6.012 असते. एक मिलिमीटर पोलादी पत्रा कापताना पंच आणि डाय यांच्यात दर बाजूला जेमतेम पाच शतांशांची फट असते. एक पिन सैल झाली की प्रत्येक आघाताबरोबर प्लेट दुसऱ्या पिनेभोवती किंचित सरकते.

"जात्यासारखी," मी म्हणाले.

दादा बराच वेळ बोलला नाही. मग मुलाकडे पाहून म्हणाला, "ही पिन मीच घासली होती. घाईत आत जाईना म्हणून."

नवी 6 ची पिन आता चालणार नव्हती. भोक लांबट झाले होते. बोल्टाएवढ्या व्यासाची पिन आणि प्रत्येक प्लेटमध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोली, हा नेहमीचा हिशेब. येथे मात्र 8 ची पिन घ्यावी लागली. तुटलेला पंच बदलून डायमध्ये उतरवला, सर्व बाजूंनी पाच शतांशांच्या पातळ पट्ट्या लावल्या. दोन्ही प्लेटा एकत्र आवळून 7.8 चे ड्रिल, मग 8 चा रीमर. रीमर दादाने मुलाच्या हाती दिला. तेल सोडत, उलटा न फिरवता, त्याने तो सावकाश उतरवला.

संध्याकाळी पिन ठोकताना तो मुलगा दर ठोक्याला थांबून आवाज ऐकत होता. हिशेबाचा विषय पुन्हा निघाला नाही.