दोन तासांची ओहोटी

घरातील आजारी माणसाची सेवा करणारी मंडळी माझ्या तलासरीच्या दवाखान्यात येतात, तेव्हा निद्रानाश, पाठदुखी, वाढलेला रक्तदाब या तक्रारी हमखास असतात. औषधांच्या चिठ्ठीखाली मी एक ओळ नेहमी लिहितो : ‘आठवड्यातून दोन तास स्वतःसाठी काढावेत.’ मी स्वतः मात्र ती कधीच पाळली नव्हती. आईला स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षे झाली. दवाखाना आणि डहाणूचे घर यांपलीकडे मी कुठे गेलोच नव्हतो.

72 वर्षांचे एक निवृत्त गुरुजी माझे रुग्ण आहेत. त्यांच्या पत्नी पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या. चिठ्ठी वाचून त्यांनी एकदा विचारले, “डॉक्टर, हे औषध तुम्ही घेता का?” मी निरुत्तर झालो. पुढच्या रविवारी आईजवळ धाकट्या बहिणीला बसवून मी गुरुजींबरोबर निघालो, पाण्याखालची छायाचित्रे टिपणाऱ्या हौशी मंडळींच्या भेटीला.

मालवणच्या स्वच्छ पाण्यात सूर मारून प्रवाळ टिपता येतात. आपल्याकडे खाड्यांचा गाळ आणि मोठ्या भरती-ओहोटीमुळे पाणी गढूळ. म्हणून ही मंडळी ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकांतील डबक्यांशी बसतात आणि जलरोधक पिशवीतला मोबाइल अलगद पाण्यात बुडवतात. झाईचे एक मासेमार वेळ ठरवतात. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा थोडेच. ओहोटीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

पहिला तासभर माझे लक्ष घरीच होते. बहिणीला तीनदा फोन केला. चौथ्यांदा मोबाइल काढला, तेव्हा गुरुजी म्हणाले, “तो आता पाण्यात घाला.” मी घातला. पडद्यावर एक समुद्रफूल उमलले. नाव फुलाचे, पण आहे तो प्राणी. शेजारी शंख पाठीवर घेतलेला खेकडा चालला होता. ही सृष्टी घरापासून हाकेच्या अंतरावर असूनही पंचावन्न वर्षांत मी ती पाहिली नव्हती.

गुरुजींच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. “निळा रंग परत मिळाला,” ते म्हणाले. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळसर होते आणि निळा प्रकाश अडवते, हे मी पुस्तकात शिकलो होतो. त्याचा आनंद त्या दिवशी पाहिला. “हिला संध्याकाळी फोटो दाखवतो. आमच्याकडे बोलायला औषधांखेरीज काहीतरी उरते,” ते हळूच म्हणाले.

भरती फिरताच मासेमारदादांनी हाक दिली आणि सर्वजण निमूटपणे उठले. घरी आल्यावर आईला समुद्रफूल दाखवले. तिने मला ओळखले नाही. पण मोबाइल दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “हात लावू नकोस हं, मिटेल.” तिचे बालपण याच किनाऱ्यावर गेले आहे.

आपणापैकी कोणी असे जाणार असाल, तर काही गोष्टी सांभाळाव्यात. शेवाळलेल्या खडकांवरून पाय घसरतो. तोल जाणाऱ्यांनी वाळूवरच थांबावे, फोटो इतरांनी आणावेत. पकड असलेली पादत्राणे घालावीत. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी असल्यास कालवांनी कापलेले कळतही नाही. एकट्याने जाऊ नये, भरतीपूर्वी परतावे.

आणि सेवा करणाऱ्यांनो, आपल्या जागी कोण बसेल, हे आधी ठरवा. मग निःशंक मनाने निघा. मी आता बहिणीचे रविवार वहीत लिहून ठेवले आहेत. दोन तास दूर जाणे म्हणजे आपल्या माणसाला सोडणे नव्हे. ओहोटीचे पाणीही ठरल्या वेळी परत येतेच.