टेकडीवरचा खांब काढू नकोस

घोडेगाव, सप्टेंबर २०२५

प्रिय बाळा,



परवा रात्री तुझा मेसेज वाचला. 'आत्या, दिवाळीनंतर बंद करतोय. रेडिओ, बॅटऱ्या, पाइप, सगळ्याला गिऱ्हाईक बघतोय.' फोन हातात घेतला होता, पण फोनवर तू 'हो, बघू' म्हणतोस आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून लिहायला बसले. पत्र उघडंच ठेवते आहे. हवेतून नेट पोचवणारी तुझ्यासारखी मुलं आंबेगावात आणि जुन्नरात आणखीही आहेत, आणि त्यांचा हिशेब तुझ्याहून फार वेगळा नसणार.

तू मला डिंभे धरणाच्या पाण्यावरच्या टेकडीवर नेलंस तो जूनचा दिवस आठवतो? धुकं होतं, पायाखाली निसरडं. तू कमरेला दोर बांधून जीआय पाइपावर चढलास आणि मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणालास, सिग्नलचा आकडा वाचत राहा. मी वाचत होते. वजा ७४. वजा ७१. तू डिश बोटभर वळवलीस. वजा ६६. आणखी थोडी. वजा ५८. 'बास आत्या, इथंच!' म्हणून तू क्लॅम्पचा नट आवळलास. पाच मिनिटांनी पाण्यापलीकडच्या वाडीतून फोन आला, 'आलं, आलं!' चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण आकडा वाढला की पोरं पास होतात एवढंच मला माहीत होतं. वजा कमी झालं की वाडी जोडली जाते, हे त्या दिवशी कळलं.

पुढच्या वर्षी तीच लिंक पाऊस लागल्यावर पडली. मध्ये एक हिरड्याचं झाड होतं. उन्हाळ्यात त्याच्यातून सिग्नल कसाबसा जात होता, पालवी भरली, पानं भिजली आणि वाट बंद झाली. फांदी तोडायला कुणी हरकत घेतली नसती. पण हिरडा विकून त्या झाडाच्या मालकाचं वर्ष निघतं हे तुला माहीत होतं, म्हणून झाडाला हात न लावता तू खांब दहा फुटांनी वाढवलास. ते पैसे तू बिलात लावले नाहीस. मोठ्या कंपनीचा माणूस इतका चढून आला असता की नाही कोण जाणे, पण ते झाड कुणाचं हे त्याला नक्कीच कळलं नसतं.

तुझा धंदा ज्या कागदांवर उभा आहे, ते मी नंतर मिळवून वाचले. २००५ च्या जानेवारीत केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला. त्याच मोकळीकीवर धरमशालेत तिबेटी निर्वासितांच्या वस्त्यांना जोडणारं 'एअरजल्दी'चं जाळं उभं राहिलं. मग ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा उघड्यावरही वापरायला मोकळा झाला. लिलाव नाही, कोट्यवधींची बोली नाही. ठरलेल्या ताकदीच्या आत राहा आणि वापरा. राष्ट्रीय धोरणाने लहान माणसासाठी केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे असं माझं मत आहे. तिच्यामुळेच तू त्या टेकडीवर चढू शकलास.

पण त्याच धोरणाचा दुसरा हात तुझ्या खिशात आहे. तू इंटरनेट सेवेचं 'सी' वर्गाचं लायसन्स घेतलंस तेव्हा आपण पेढे वाटले होते. प्रवेश शुल्क वीस हजार, तेवढं झेपण्यासारखं होतं. पुढची गोष्ट मात्र पेढ्यांच्या भरात कुणी वाचली नाही. समायोजित एकूण उत्पन्नाच्या ८ टक्के परवाना शुल्क दर तिमाहीला भरायचं. नफ्यावर नाही, उत्पन्नावर. वीज पडून रेडिओ जळला, जेसीबीने रस्ता उकरताना फायबर तोडली, महिना तोट्यात गेला, तरी भरायचंच. चारशे रुपयांच्या रिचार्जमागे ३२ रुपये त्यात जातात. ग्राहकाकडून १८ टक्के जीएसटी वेगळा.

त्या ८ टक्क्यांतले ५ टक्के कुठे जातात हे कळलं तेव्हा मी वही मिटून थोडा वेळ नुसतीच बसले. ते जातात गावोगावी दूरसंचार पोचवण्यासाठीच्या निधीत. आधी त्याला सार्वत्रिक सेवा दायित्व निधी म्हणत. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचं नाव 'डिजिटल भारत निधी' झालं. म्हणजे चारशेतले वीस रुपये तू खेड्यात नेट पोचावं म्हणून सरकारला देतोस, आणि खेड्यात नेट पोचवतो कोण? तूच. सोसायटीची विहीर खोदायची वर्गणी त्याच माणसाकडून घ्यावी जो डोक्यावर हंडा घेऊन साऱ्या आळीला पाणी घालतो, तसं हे झालं. मला ते अन्यायाचं वाटतं आणि मी ते तसंच म्हणणार.

या निधीतला मोठा पैसा जातो 'भारतनेट'ला. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये ही योजना दुसऱ्या नावाने मंजूर झाली: देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर. आपल्या राज्यात पुढच्या टप्प्याचं काम 'महानेट' या नावाने झालं. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा मोठा आहे आणि हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अडीच लाख हा आकडा पंचायतींचा आहे, वाड्यांचा नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यात एका पंचायतीच्या वाड्या डोंगराच्या तीन बाजूंना पसरलेल्या असतात. तू मला एका पंचायतीच्या कार्यालयात नेऊन दाखवलं होतंस: भिंतीवर पांढरं कपाट, आत फायबर येऊन थांबलेली, बॅटरी उतरलेली आणि कपाटावर ग्रामसभेच्या नोटिशींचा गठ्ठा. तिथून तुझा खांब दोन किलोमीटरवर. आणि तू बँडविड्थ आणतोस ती खालून, दुसऱ्या कंपनीकडून, कंपनी सांगेल त्या भावाने.

त्या कपाटापासून वाडीपर्यंतचं अंतर धोरणाच्या कागदावर नीट दिसतच नाही. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने प्रत्येक नागरिकाला २०२२ पर्यंत ५० एमबीपीएसचं वचन दिलं होतं. मुदत संपली आणि २०२३ च्या जानेवारीत ब्रॉडबँडची व्याख्या बदलली: किमान २ एमबीपीएस. तू वाडीला ठरल्या वेगाचं नेट देतोस आणि तो वेग कमी पडला की लोक तुझ्या घरी येऊन बोलतात. दिल्लीतल्या वचनाच्या दारात असं कुणी जाऊन उभं राहत नाही.

आणि आता तुझी मोकळी वाटही भरत चालली आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जिओची एअरफायबर सेवा सुरू झाली, आणि तिच्यातल्या काही जोडण्या याच ५ गिगाहर्ट्झच्या मोकळ्या पट्ट्यावर चालतात. नियमाने त्यांनाही तो वापरायचा हक्क आहे. पण ज्यांनी लिलावात स्वतःचे पट्टे घेतलेत त्यांनी सार्वजनिक पाणवठ्यावरही यायचं, आणि ज्याच्याकडे पाणवठाच आहे त्याने गोंगाट सोसायचा, याचा विचार धोरण करणाऱ्यांनी करायला हवा होता. मंचरला तुझी लिंक संध्याकाळी का डगमगते ते तू मला सांगितलं आहेस. यंदा मे महिन्यात ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या भागाचा मसुदा आला, पण तो मुख्यतः घरातल्या कमी ताकदीच्या वायफायसाठी. टेकडीवरच्या खांबाला त्याचा उपयोग नाही.

आपल्या दोन तालुक्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. मी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पोरांना घेऊन खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला जायचे, तूही त्यात असायचास. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश: चौदा मधोमध आणि सोळा तीन दिशांना पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती दुर्बीण इथे आणली त्याचं एक कारण हेच की आपल्याकडे रेडिओचा गोंगाट कमी होता आणि भोवती डोंगरांचा आडोसा होता. त्या डिश एकमेकींशी फायबरने जोडलेल्या आहेत, अगदी १९९० च्या दशकापासून. तारे ऐकायला फायबर आली, आणि तिच्याच परिसरातल्या वाड्यांना अजून हवेतून नेट द्यावं लागतं. मी हे दुर्बिणीविरुद्ध म्हणत नाही. तिच्यासाठी पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलावा लागेल असं रेल्वेमंत्र्यांनी संसदेत सांगितलं, तेव्हा नारायणगावात पुष्कळ जण हळहळले. मला मात्र वाटलं, आपल्या मातीत जगाचं काहीतरी आहे, ते जपलं पाहिजे. तूही जपतोस. रेडिओचा गोंगाट करणारे स्वस्तातले अडॅप्टर तू काढून टाकलेस ते मी पाहिलं आहे.

पण याचा अर्थ समजून घे. पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून गावं जोडली, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या. त्या लहरी झाडापानांतून बऱ्याच आरामात जातात. २०१७ मध्ये त्या कामाला मोझिलाचं जागतिक बक्षीस मिळालं. हिरड्याचं ते झाड पालघरात आडवं आलं नसतं. पण आपल्याकडे नेमक्या त्याच भागात, २५० ते ५०० आणि ५५० ते ८५० मेगाहर्ट्झला, खोडदची दुर्बीण कान लावून बसलेली असते. तिथे आपण बोलायचं नाही. म्हणून इतर ठिकाणी ५ गिगाहर्ट्झ ही अनेक वाटांपैकी एक असेल, जुन्नर-आंबेगावला ती मोजक्या वाटांपैकी एक आहे. ती चालवणारा माणूस उठून गेला, तर दुसरी वाट इथे सहज उघडणार नाही.

आणखी एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. ३० जुलै २०१४. माळीण. डोंगर खाली आला आणि १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही ही खबर बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे, सकाळची गाडी तिकडे गेली म्हणून. नेट असतं तर दरड थांबली नसती, असं मी म्हणणार नाही. पण अख्खं गाव गाडलं जातं आणि ते कळायला गाडीची वेळ व्हावी लागते, हे मी त्या वर्षी वर्गात पोरांना समजावून सांगू शकले नव्हते. आज त्या खोऱ्यात तुझा रेडिओ बॅटरीवर रात्रभर जागा असतो.

म्हणून सांगते, विकण्याआधी एकदा मागून बघ. २०२१ च्या ऑगस्टमध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फिक्स्ड-लाइन ब्रॉडबँडच्या जोडण्या वाढवणाऱ्यांना परवाना शुल्कात सवलत देण्याची शिफारस केली होती. तार जिथे पोचत नाही तिथे हवेतून घरं जोडणाऱ्या लहान परवानाधारकाला तीच सवलत का नको, हे आपण विचारायचं. गावात घरं जोडून दिली तर त्या पाच टक्क्यांतून सूट मिळावी, एवढीच मागणी. ट्राय सल्लापत्रक काढते तेव्हा कुणाही नागरिकाला मत कळवता येतं. मोठ्या कंपन्या आपली मतं न चुकता पाठवतात. तुझं मत तिथे गेलंच नाही तर ते मोजणार कसं? तू इंग्रजीत मजकूर कर, नीट मांडून देण्याचं काम माझं.

दुसरं, ते पांढरं कपाट. भारतनेटची फायबर आणि बँडविड्थ भाड्याने घेता येते. सुधारित कार्यक्रमात गावातल्या 'उद्यमी'ला उत्पन्नाचा निम्मा वाटा देऊन घराघरात जोडणी द्यायची पद्धतही आहे. ती मला पुरेशी वाटत नाही, कारण तिच्यात तू दुसऱ्याच्या जाळ्याचा वाटेकरी होतोस, स्वतःच्या खांबाचा मालक राहत नाहीस. तरी वाटाघाटीची सुरुवात तिथून होऊ शकते. पंचायतीपर्यंत त्यांची तार, पंचायतीपासून वाडीपर्यंत तुझी हवा, आणि खालच्या कंपनीला जाणारे पैसे वाचलेले. हे लेखी मागायला ग्रामसभेचा ठराव लागेल.

२ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. त्यात आश्रमशाळा, दवाखाना आणि सात वाड्यांची नावं घातली आहेत, तुझं नाव घातलेलं नाही. सरपंचांशी बोलणं झालं आहे. सकाळी दहाला ये, आणि तोवर खांबाला गिऱ्हाईक बघू नकोस.

तुझी,
आत्या