चुंद लोहाराच्या गावी

कुशीनगरात तथागतांचे महापरिनिर्वाण झाले, हे आपल्या घरातले लहान मूलही सांगते. पण त्याच्या आधीच्या पावा गावची आठवण फारसे कोणी काढत नाही. तिथे चुंदाच्या आमराईत तथागत उतरले आणि शेवटचे भोजन त्यांनी चुंदाच्या घरी घेतले. चुंद हा लोहार. बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही हा प्रसंग आलेला आहे.

पावा म्हणजे आजचे फाजिलनगर असे पुष्कळ अभ्यासक मानतात. कनिंगहॅमसाहेबाने मात्र पडरौना सांगितले होते. फाजिलनगर कुशीनगरपासून पंधरा-वीस किलोमीटर. २०२४च्या फेब्रुवारीत आमची यात्रेची बस तिकडे निघाली. सकाळीच निर्वाण मंदिरातील वीस फुटी मूर्तीचे दर्शन झाले होते. ही मूर्ती १८७६ साली उत्खननात सापडली आणि आजचे मंदिर १९५६ साली बांधले गेले. मंडळी तृप्त मनाने बसली होती. तोच बस खड्ड्यात आदळली आणि मागचा पाटा तुटला.

ड्रायव्हर नवा पाटा आणायला टेम्पोने मागे गेला. इकडे सगळे क्लीनरवर तुटून पडले. पाटा आधी बघायला नको का, म्हणून. आमच्यातल्या एक वयस्कर उपासिका म्हणाल्या, “आपल्या जेवणाने भगवान आजारी पडले, असा दोष चुंदाला लागू नये म्हणून तथागतांनी मरणाच्या दारात आनंदाला निरोप सांगून ठेवला. आणि तुम्ही एका पाट्यासाठी या पोराला खाता?” मंडळी गप्प झाली. पोरगा चहा प्यायला गेला.

रस्त्याच्या कडेला एका म्हाताऱ्या लोहाराचे छप्पर होते. आम्ही तिथे जाऊन बसलो. आत अंधार. लोहार मुद्दामच अंधारात काम करतो, कारण उन्हात तापल्या लोखंडाचा रंग कळत नाही. त्याने विचारले, इतक्या लांबून काय बघायला आलात? आम्ही चुंदाची गोष्ट सांगितली. “लोहार था?” म्हणून तो खूश झाला. मग व्हायचा तो प्रश्न झालाच. “आप लोग कौन बिरादरी?”

इथे थोडे मागचे सांगायला हवे. आमच्या आजोळी लोहारही बलुतेदार आणि आमचे लोकही बलुतेदार. पण आपला विळा लोहाराच्या हातात द्यायचा नाही, दूर जमिनीवर ठेवायचा. तो सांडशीने उचलून आधी आगीत घालायचा. आगीत विटाळ जळतो म्हणे! भात्याजवळ जायची आमच्या आजोबांची छाती झाली नाही. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिले. ते आजोबांनी वाचलेले नव्हते, पण पाहिलेले होते.

आम्ही म्हणालो, “बौद्ध. आंबेडकरवाले.” म्हातारा काही क्षण कोळशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “हाथ दिखाइए.” आम्ही हात पुढे केले. त्याने तळवे दाबून पाहिले. “नरम हैं. छाले पड़ेंगे,” म्हणाला आणि हातोडा आमच्याकडे सरकवला.

क्लीनरने तुटलेल्या पाट्याचा तुकडा आणून दिला. पाट्याचे लोखंड चिवट असते, त्याची सुरी चांगली होते. म्हाताऱ्याच्या मुलाने पंखा फिरवला. तुकडा नारिंगी झाल्यावर म्हाताऱ्याने छिन्नी धरली, मुलाने घण घातला आणि बोटभर रुंदीची पट्टी वेगळी झाली. पुढचे काम आमचे.

हातोडा मारणे सोपे वाटते. आमचा हातोडा कडेवर पडे आणि पात्यावर चंद्रकोरी उठत. म्हातारा ओरडे, “मुँह से मारो!” म्हणजे हातोड्याच्या सपाट तोंडाने. लोखंड काळवंडले की थांबायचे, नाहीतर चीर जाते. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या तर ते जळाले. या दोन्हींच्या मधला वेळ अगदी थोडा, चारपाच घावांचा. धारेची बाजू ठोकून पातळ करायला लागलो तर पाते केळ्यासारखे वाकू लागले. धारेकडचे लोखंड पसरते, पाठीकडचे तेवढे पसरत नाही, म्हणून असे होते. तो पुन्हा तापवून, पाते उभे धरून, हलक्या हाताने सरळ करी. आम्ही पुन्हा वाकवू. असे किती वेळा झाले ते मोजले नाही.

शेवटी पाणी द्यायची वेळ आली. आम्ही बादलीकडे वळलो तर त्याने मनगट धरले. पाट्याचे लोखंड एकदम पाण्यात तडकते. ड्रायव्हरच्या डब्यातले जळके तेल मागवून त्याने फक्त धार बुडवली. मोठा धूर झाला. मग धार विटेवर घासून चकाकवली. पाठीतली ऊब धारेकडे सरकू लागली आणि चकाकीवर गवती पिवळा रंग चढला. तो तपकिरी व्हायच्या आत पाते पुन्हा तेलात. त्या रंगासाठी त्याने आम्हांला अगदी जवळ बोलावले. दोघांची डोकी एकमेकांना लागली.

त्याच लोट्यातले पाणी तोही प्याला, आम्हीही प्यालो. यावरून फार काही सिद्ध होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या घरात आत काय पाळतात ते आम्हांला ठाऊक नाही. आम्ही देऊ केलेले पैसे त्याने कोळशापुरते घेतले.

फाजिलनगरला पोहोचेतो दिवस मावळला. टेकाडापाशी मेणबत्त्यांच्या उजेडात त्रिशरण-पंचशील घेतले. चुंदाची आमराई नक्की कुठे होती ते विचारायलाही वेळ उरला नाही.

तळहातावरचे फोड पंधरा दिवस राहिले. सुरीला इथे आल्यावर शिसवीची मूठ बसवली. पाते अजून जरा वाकडेच आहे. कांद्याला चालते. टोमॅटोला घरची मंडळी दुकानातली सुरी घेतात.